प्लेटलेट चौदा हजार आणि स्तनात गाठ: दोन आजारांचं एक वेळापत्रक

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले वय, गाव आणि तारखांचे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय आकडे आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातलं गाव. नागपूर तिथून पावणेदोनशे किलोमीटर. रुग्ण ४६ वर्षांच्या, शेतमजूर, वजन ४८ किलो, पाळी चालू. पाच वर्षांपासून त्यांना आयटीपी होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटवर उलटते. प्रतिपिंड चिकटलेल्या प्लेटलेट मुख्यतः प्लीहा, म्हणजे पांथरी, गिळून टाकते आणि अस्थिमज्जेतलं नवं उत्पादनही पुरं पडत नाही. प्लेटलेट १५ ते ३० हजारांत असायच्या. अंगावर निळे डाग, पाळीत खूप रक्तस्राव, मोठा रक्तस्राव मात्र कधी नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू व्हायचं, बरं वाटलं की बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

डाव्या स्तनातली गाठ त्यांना हाताला लागली तेव्हा ती सुपारीएवढी होती. दाखवायला सात महिने गेले. आधी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की रक्त पातळ आहे, चिरफाड करायची नाही. त्यातून घरच्यांनी अर्थ काढला की तपासूनही उपयोग नाही. मधल्या काळात पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध झालं. डेंग्यूच्या साथीत ऐकलेले हे उपाय. डेंग्यूत प्लेटलेट आठवड्याभरात आपोआप चढतात आणि श्रेय रसाला मिळतं. आयटीपीत तसं आपोआप काही होत नाही.

अडचण

कर्करोग केंद्रात आल्या तेव्हा गाठ ३ सेंटिमीटर, काखेत एक हलणारी गाठ, प्लेटलेट १४,०००, हिमोग्लोबिन ८.४. बायोप्सीसाठी शल्यचिकित्सकांना प्लेटलेट हव्या होत्या. रक्तविकारतज्ज्ञांच्या लेखी रक्तस्राव नसताना १४ हजार हा घाई करण्याचा आकडा नव्हता. केमोच्या तक्त्यावर एक लाखाची अट छापलेली होती. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. पण त्या तिघांच्या खिडक्यांच्या मध्ये बाई बसून होत्या आणि प्लेटलेटचा आकडा कुणाच्याच अखत्यारीत नव्हता.

पहिल्या बैठकीतच ठरलं की प्लेटलेटचं उद्दिष्ट पुढच्या कामापुरतं ठेवायचं. दीड लाखाच्या मागे लागायचं नाही. सुईच्या बायोप्सीला ३० हजारांच्या वर, मोठ्या शस्त्रक्रियेला ५० हजारांच्या वर, आणि केमोची मर्यादा या रुग्णापुरती वेगळी. हा आकडा रोज बघण्याची जबाबदारी एका समन्वयक परिचारिकेवर सोपवली. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय.

आधी निदानाची खातरजमा

पाच वर्षांपूर्वीचं निदान आहे तसं धरून चालणार नव्हतं. स्तनाचा कर्करोग मज्जेत पसरला तरी प्लेटलेट पडतात, आणि हा पट्टा मलेरियाचा. म्हणून मलेरियाची झटपट चाचणी आणि रक्तपट्टी, सिकलसेलची चाचणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, बी-१२, यकृताची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि कूम्ब्स चाचणी झाली. आयटीपीबरोबर लाल पेशीही प्रतिपिंडांमुळे फुटत असतील तर तो वेगळा आणि अवघड आजार, म्हणून कूम्ब्स. सगळं ठीक निघालं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, मात्र ६ इतकाच, म्हणजे रक्तक्षय पाळीतल्या रक्तस्रावाचा.

रक्तपट्टी डोळ्यांनी पाहणं इथे टाळता येत नाही. आयटीपीत प्लेटलेट आकाराने मोठ्या असतात, काही यंत्रं त्यांना लाल पेशींत मोजतात आणि आकडा खोटा कमी येतो. काहींच्या प्लेटलेट जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटतात, तेव्हाही तसंच. सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली दहा क्षेत्रं मोजून सरासरीला १५ ते २० हजारांनी गुणलं की ढोबळ आकडा मिळतो. इथे क्षेत्रागणिक एखादीच दिसत होती. आकडा खरा होता. अपरिपक्व लाल-पांढऱ्या पेशी दिसल्या नाहीत, त्यामुळे मज्जेत प्रसार असल्याचा संशय कमी झाला.

पहिली चूक: प्लेटलेटच्या पिशव्या

बायोप्सी लवकर व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी चार पिशव्या प्लेटलेट चढवल्या. एरवी यातून २० ते ४० हजारांची वाढ अपेक्षित असते. तासाभराने आकडा २१,०००, दुसऱ्या सकाळी १५,०००. दात्याच्या प्लेटलेटनाही तेच प्रतिपिंड चिकटतात आणि त्या काही तासांत संपतात. आयटीपीत पिशव्या लागतात त्या जिवावरच्या रक्तस्रावात, किंवा शस्त्रक्रिया चालू असताना रक्त थांबेना तेव्हा. आगाऊ आकडा सजवण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. जिथे प्लेटलेट शंभर किलोमीटरवरून मागवाव्या लागतात, तिथे तर हे आणखीच लक्षात ठेवायला हवं.

प्लेटलेट वाढवण्याचे पर्याय

आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून, किलोला १ ग्रॅम, म्हणजे यांना जवळपास ५० ग्रॅम. दोन-तीन दिवसांत आकडा चढतो, पण तीन-चार आठवड्यांत उतरतो आणि खर्च लाखाच्या घरात. तो तातडीच्या रक्तस्रावासाठी राखून ठेवला. अँटी-डी स्वस्त आहे, पण ते काम करतं ते लाल पेशी फोडून, आणि हिमोग्लोबिन ८.४ असताना ते परवडणारं नव्हतं. डॅप्सोनचीही हीच अडचण. शिवाय ते द्यायचं तर आधी लाल पेशींना जपणारं जी-६-पीडी हे एन्झाइम तपासावं लागतं, कारण त्याची कमतरता विदर्भाच्या आदिवासी भागात दुर्मीळ नाही. रिटुक्सिमॅबला परिणाम दाखवायला कित्येक आठवडे लागतात आणि पुढे केमो असताना संसर्गाचा धोका वाढतो.

पांथरी काढण्यावर बराच वेळ चर्चा झाली. बहुतेकांत तो टिकाऊ इलाज ठरतो. पण आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलसच्या लसी, शक्यतो दोन आठवडे अगोदर, म्हणजे कर्करोगाला आणखी उशीर. पांथरीविना माणसाला मलेरिया झाला तर तो गंभीर होतो, आणि या बाई जंगलाला लागून असलेल्या गावात राहतात. पर्याय बाजूला ठेवला.

निवडलं ते असं: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलिग्रॅम चार दिवस, आणि ते संपण्याआधीच एल्ट्रोम्बोपॅग, म्हणजे मज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावणारी गोळी, रोज ५० मिलिग्रॅम. पहिलं लवकर चढवतं पण टिकत नाही, दुसरं दीड-दोन आठवड्यांनी जोर धरतं. स्टेरॉइडआधी आयव्हरमेक्टिन दिलं. चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्यांच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस कृमी असू शकतात आणि मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडवर ते जीवघेणे पसरतात.

आठव्या दिवशी प्लेटलेट ५२,०००. त्याच दिवशी १४ गेजच्या सुईने चार तुकडे घेतले आणि घड्याळ लावून २० मिनिटं दाबून धरलं. हातभर पट्टी गुंडाळण्यापेक्षा हा दाब जास्त कामाचा. निदान: डक्टल कार्सिनोमा, श्रेणी २, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे स्त्री-हार्मोनवर पोसणारा, हर-२ निगेटिव्ह. काखेतल्या गाठीत कर्करोग. स्कॅनमध्ये इतरत्र प्रसार नाही.

चहा, कॅल्शियम आणि पांढरं औषध

पंधराव्या दिवशी ६१,०००. शस्त्रक्रियेची तारीख २६व्या दिवसाची ठरली. बाविसाव्या दिवशी आकडा २४,०००. तारीख रद्द झाली आणि एल्ट्रोम्बोपॅग निकामी ठरवून आयव्हीआयजीच्या मंजुरीची कागदपत्रं सुरू झाली.

त्या दुपारी समन्वयक परिचारिकेने विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं ते क्रमाने सांगा."

"सकाळच्याला चहा घेतो. त्याच्यासंगच सगळ्या गोळ्या गिळतो, म्हणजे इसरत नाही. मंग जळजळ झाली का ते पांढरं अवषध पितो."

सगळ्या गोळ्या म्हणजे एल्ट्रोम्बोपॅग, स्टेरॉइडमुळे हाडांसाठी दिलेलं कॅल्शियम आणि रक्तक्षयासाठी दिलेली लोहाची गोळी. वरून दुधाचा चहा आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड. एल्ट्रोम्बोपॅग या सगळ्या धातूंना पोटातच घट्ट धरतं आणि न शोषलं जाता बाहेर पडतं. गोळी अशा पदार्थांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यायची असते. चिठ्ठीवर फक्त "उपाशीपोटी" लिहिलं होतं. बाईंच्या लेखी सकाळचा चहा म्हणजे उपाशीपोटच.

दुरुस्ती अशी केली. पहाटे पाचला उठल्यावर गोळी साध्या पाण्याबरोबर. चहा हवाच असेल तर कोरा. दुधाचा चहा आणि दही सातनंतर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. अँटासिड बंद, त्याऐवजी पँटोप्राझोल. लोहाची गोळीच काढून टाकली आणि शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ५०० मिलिग्रॅम दोनदा दिलं. पाळी रोखायला आधी कुठेतरी नॉरएथिस्टेरॉन दिलं होतं. ते गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असल्याने थांबवलं, आणि रक्तस्राव जास्त असेल तेवढ्याच तीन-चार दिवसांत ट्रानेक्झामिक ॲसिड ठेवलं.

तिसाव्या दिवशी ४९,०००, छत्तिसाव्या दिवशी ७८,०००. मात्रा तीच, गोळी तीच.

शस्त्रक्रिया आधी की केमो आधी

केमो आधी देऊन गाठ लहान करता आली असती. पण हार्मोन-पॉझिटिव्ह गाठ केमोने पूर्ण विरघळण्याची शक्यता कमी, आणि प्लेटलेट नुकत्या सावरलेल्या असताना मज्जेवर घाव घालून मग शस्त्रक्रियेसाठी ताटकळत बसण्याचा धोका होता. आकडा हातात असताना शस्त्रक्रिया उरकणं शहाणपणाचं ठरलं. स्तन वाचवण्याचा पर्याय त्यांना समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण स्तन काढण्याचा निर्णय घेतला.

सदतिसाव्या दिवशी स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. पूर्ण भूल दिली, कारण मणक्यातल्या किंवा मणक्यालगतच्या सुईने रक्त साकळलं तर ते दाबून थांबवता येत नाही. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेतल्याने अधिवृक्क ग्रंथी सुस्त पडलेल्या असणार, म्हणून भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि पुढे दिवसभर विभागून. हे राहून गेलं तर रक्तदाब कोसळतो आणि सगळे रक्तस्राव शोधत बसतात. प्लेटलेटची एक पिशवी खोलीत तयार ठेवली, लागली नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल. डायक्लोफेनॅक नाही, कारण ते उरलेल्या प्लेटलेटचंही काम बिघडवतं. पहिल्या दिवशी नळीतून १८० मिलिलिटर रक्तमिश्रित पाणी आलं, नंतर ते ओसरलं. गुठळी रोखणारं हेपॅरिन न देता त्याच संध्याकाळी चालवलं.

अहवाल: २.८ सेंटिमीटर, काखेतल्या १४ पैकी २ गाठींत कर्करोग.

केमो: एक लाखाची अट

डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइडचे २१ दिवसांच्या अंतराने चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला एक असे बारा. प्रत्येक डोसच्या दिवशी एक लाख प्लेटलेट हव्यात ही अट मज्जा सावरली की नाही हे ओळखण्यासाठी आहे. आयटीपीत मज्जा मुळात धडधाकट असते, प्लेटलेट मज्जेबाहेर, मुख्यतः पांथरीत, मारल्या जातात. अट आंधळेपणाने पाळली असती तर दर वेळी आठवडा-दोन आठवडे वाया गेले असते. ठरलं असं: ७५ हजारांवर पूर्ण मात्रा, ५० ते ७५ हजारांत पांढऱ्या पेशी पाहून निर्णय, ५० हजारांखाली आठवडाभर थांबायचं.

दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी ताप आला. दिराने फोनवर सांगितलं, "पांढऱ्या पेशी एकोणीस हजारावर आल्या." आपल्याकडे डेंग्यूपासून प्लेटलेटनाच पांढऱ्या पेशी म्हणायची सवय पडली आहे. फोन घेणाऱ्या नवख्या कर्मचाऱ्याने पांढऱ्या पेशी १९ हजार म्हणजे वाढलेल्या, असं समजून उद्या या म्हणून सांगितलं. खरं तर प्लेटलेट १९,००० होत्या आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ३००. तोवर गावाजवळ तापावर कमरेत डायक्लोफेनॅकची सुई दिली गेली. रात्रीपर्यंत कुल्ल्यावर तळहातापेक्षा मोठा, काळानिळा, दगडासारखा कडक गोळा आला. १०८ रुग्णवाहिकेने हलवलं, शिरेतून प्रतिजैविकं आणि रक्ताची एक पिशवी दिली. सहा दिवसांनी घरी गेल्या.

त्यानंतर दोन बदल झाले. फोनवर आकडा ऐकायचा नाही, अहवालाचा फोटोच मागायचा. आणि बाईंच्या पदराला पिनने लावता येईल असं प्लास्टिक घातलेलं मराठी कार्ड: "दंडात किंवा कमरेत सुई देऊ नये. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये. ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी रुग्णालयात. रक्तदाब आणि शिरेची सुई उजव्या हाताला." तिसऱ्या आणि चौथ्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी न्यूट्रोफिल वाढवणारं पेगफिलग्रास्टिम ६ मिलिग्रॅम कातडीखाली. बारीक सुई, नंतर दाब, डागही पडला नाही.

फसवी सुधारणा

पॅक्लिटॅक्सेल चालू असताना प्लेटलेट लाखाच्या वर राहिल्या. आठव्या आठवड्यात २ लाख १० हजार. कर्करोग आणि एल्ट्रोम्बोपॅग दोन्हींमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून इतक्या आकड्यावर मात्रा कमी करणं योग्यच होतं. गटाने एका आठवड्यात ५० वरून २५ केली आणि पुढच्या आठवड्यात गोळी बंद केली. आयटीपी शमला असं सगळ्यांना वाटलं.

शमला नव्हता. सायक्लोफॉस्फामाइड हे मुळात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, आयटीपीतही वापरलं जातं. पॅक्लिटॅक्सेलआधी दर आठवड्याला डेक्सामेथासोन जात होतं. कर्करोगाचे उपचारच आयटीपीला आवरून धरत होते. शेवटच्या डोसनंतर पाचव्या आठवड्यात, नागपुरात शेक, म्हणजे किरणोपचार, चालू असताना, प्लेटलेट १७,०००.

घरच्यांचा धीर सुटला. प्रश्न खरा होता: केमोचा उरलेला परिणाम, आयटीपी परतला, की कर्करोग मज्जेत गेला? केमोची घसरण डोसनंतर दहा-चौदा दिवसांत येते, पाचव्या आठवड्यात नाही. रक्तपट्टीत मोठ्या प्लेटलेट, बाकी पेशी ठीक, अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच सामान्य. तरीही मज्जेचा तुकडा घेतला. नितंबाच्या हाडावर सुई, मग पाठीवर झोपवून अर्धा तास त्यांच्याच वजनाचा दाब. मज्जेत प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी भरपूर, कर्करोग नाही. एल्ट्रोम्बोपॅग ५० पुन्हा सुरू, दोन आठवड्यांत ६६,०००. शेक थांबवला नाही. १५ वेळांत ४० ग्रे ठरल्या दिवशी पूर्ण झाला.

हार्मोनचा इलाज

नेहमीचं उत्तर टॅमॉक्सिफेन, गाठीवरचा स्त्री-हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी. पण तेही गुठळीचा धोका वाढवतं, आणि एल्ट्रोम्बोपॅग तर बंद करता येत नव्हतं. केमोने पाळी थांबली असली तरी थेट लेट्रोझोल, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, देता आलं नसतं. ही पाळी परतू शकते, आणि अंडाशय जागे असताना लेट्रोझोल एकटं कामाचं नाही. अंडाशयांना झोपवणाऱ्या गोसेरेलिनची महिन्याची सुई जाड असते आणि तिच्यासाठी दर महिन्याला प्रवास. बाईंना पुढे मूल नको होतं आणि पाळीतल्या रक्तस्रावाने त्या वर्षानुवर्षं हैराण होत्या. प्लेटलेट ८४,००० असताना दुर्बिणीतून दोन्ही अंडाशय काढले, मग लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम रोज.

आता हाडांवर दुहेरी भार: स्टेरॉइडची वर्षं आणि अकाली रजोनिवृत्ती. ड जीवनसत्त्व भरून काढल्यावर हाडं टिकवणारं झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी. त्याआधी दंतवैद्याकडून दोन किडलेल्या दाढा काढून घेतल्या. नंतर काढायच्या झाल्या असत्या तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका होता.

काय वेगळं करता आलं असतं

पिशव्या चढवायला नको होत्या. एल्ट्रोम्बोपॅग हाती देतानाच सकाळचा दिनक्रम विचारला असता तर अकरा दिवस आणि आयव्हीआयजीच्या अर्जाची धावपळ वाचली असती. पेगफिलग्रास्टिम पहिल्या डोसपासून देता आलं असतं. गटात यावर मतभेद राहिला. एका बाजूचं म्हणणं खर्चाचं, दुसऱ्या बाजूचं हे की ताप आल्यावर ज्या घरापासून दवाखाना तीन तासांवर आहे, तिथे तो खर्च आधीच करायला हवा. आम्ही दुसऱ्या बाजूचे. पॅक्लिटॅक्सेल चालू असताना एल्ट्रोम्बोपॅग २५ वर ठेवून, डेक्सामेथासोन संपल्यावर चार आठवडे आकडा पाहून मगच बंद करायचं होतं. मज्जेची तपासणी दोन आठवडे थांबवून गोळीचा प्रतिसाद पाहता आला असता. पण त्या दोन आठवड्यांत घरच्यांनी उपचार सोडले असते, अशी चिन्हं दिसत होती. त्या परिस्थितीत ती केली हेच बरोबर वाटतं.

शस्त्रक्रिया, केमो आणि शेक महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाले. घरी घ्यायच्या एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या मात्र घरच्यांनी विकत घेतल्या आणि त्यासाठी एक बैल विकला. पहिल्याच बैठकीत या खर्चाची बेरीज करून समाजसेवा विभागाला सांगायला हवं होतं.

सध्या

शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली. उजव्या स्तनाची मॅमोग्राफी स्वच्छ आहे. एल्ट्रोम्बोपॅग २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, प्लेटलेट ५५ ते ७० हजार, यकृताची तपासणी महिन्याला तालुक्याच्या प्रयोगशाळेत. प्रेडनिसोलोन बंद आहे. डाव्या हाताला थोडी सूज येते, त्यासाठी बाही घालतात, रोवणीच्या दिवसांत मात्र काढून ठेवतात. पांथरीचा विषय पुन्हा निघाला आहे. लसी देऊन झाल्या आहेत, पण पावसाळा, म्हणजे मलेरियाचे महिने, उलटल्यावरच निर्णय घ्यायचा असं ठरलं आहे. पहाटेचा चहा अजून कोराच आहे.